व्हीआर, फिजिओथेरपी की इंजिनिअरिंग?

प्रिय विद्यार्थिनी,

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर आजोबांना पुन्हा पाऊल टाकताना तू पाहिलंस आणि व्हीआरच्या (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगाच्या) मदतीने रुग्णांना चालायला शिकवायचं मनात घेतलंस. बारावीला पीसीएमबी आहे, कोडिंग आवडतं. मग फिजिओथेरपी की इंजिनिअरिंग, हा तुझा प्रश्न.

या उपचारात रुग्णाला हार्नेस (पडू न देणारे आधाराचे पट्टे) बांधून ट्रेडमिलवर चालवतात. पडद्यावर किंवा हेडसेटमध्ये रस्ता दिसतो: खड्डा आला की पाय उचलायचा, कुणी आडवं आलं की थांबायचं. नेदरलँड्समधल्या सी-मिल या यंत्रात तर अडथळे चालत्या पट्ट्यावरच प्रकाशाने उमटतात. समोरचं दृश्य मुद्दाम सावकाश सरकवलं, तर रुग्ण नकळत वेग वाढवतो. पडायची भीती न बाळगता असा सराव पुन्हा पुन्हा करता येतो, हा मोठा फायदा.

तरी यंत्रावर सगळी भिस्त ठेवू नकोस. पॅरालिसिसच्या झटक्यानंतरच्या व्हीआर उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. चालण्याचा वेग आणि तोल यांबाबत निष्कर्ष काढायला पुरावा अपुरा पडला. हाताच्या बाबतीत नेहमीच्या व्यायामाला व्हीआरची जोड दिली, तेव्हा मात्र फायदा दिसला. आणि पाय का फरफटतोय, हे हेडसेट सांगत नाही. घोटा उचलला जात नाही, गुडघा ताठ राहतो, की त्या बाजूचं भानच हरपलंय? प्रत्येकासाठी वेगळा खेळ लागतो. तो ठरवणारा माणूस मला यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

म्हणून रुग्णाचा हात धरून काम करायचं असेल, तर नीट परीक्षा देऊन बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) कर आणि पुढे न्यूरोफिजिओथेरपीत, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांवरच्या फिजिओथेरपीत, एमपीटीएच (पदव्युत्तर पदवी). कोडिंग सोडायची गरज नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे घरी आधीच बोलून घे. यंत्र घडवण्यातच जीव रमत असेल, तर सीईटी देऊन बायोमेडिकल किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे. आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्रात इंजिनिअर आणि डॉक्टर मिळून वैद्यकीय उपकरणं घडवतात. त्यांचं काम जरूर पाहा.

तुझ्या पत्रात आजोबांविषयी जितकं आहे, तितकं कोडिंगविषयी नाही. त्यामुळे माझा कल फिजिओथेरपीकडे आहे. पण फॉर्म भरण्याआधी जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत काही सकाळी बसून ये. तेच दहा पावलांचं काम रोज पाहूनही कंटाळा येतो का, ते बघ आणि मला कळव. जाण्याआधी विभागप्रमुखांची परवानगी घे.