लाइव्ह प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतात स्वतःसाठी अर्थ कसा शोधायचा? मला नुसत्या शिट्ट्या आणि घरघर ऐकू येते.

शिट्ट्या आणि घरघर ऐकू येते म्हणताय, म्हणजे तुमचे कान शाबूत आहेत. तेच वाजत असतं. त्यामागे काहीतरी दडलंय आणि ते बाकी सगळ्यांना कळलंय, ही समजूत आधी सोडा. माझा दादा अजून सोडत नाही.

मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून मी पहिल्यांदा गेले. टेबलावर मिक्सर (स्वयंपाकघरातला नव्हे, वेगवेगळे आवाज एकत्र करायची नॉबवाली पेटी), मागे एक माणूस. ना वाद्य, ना माइक, ना लॅपटॉप. मिक्सरच्या आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटमध्ये खोचलेली. जपानचे संगीतकार तोशिमारू नाकामुरा या प्रकारासाठी ओळखले जातात. मिक्सर स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकवत बसतो आणि त्यातून सूर निघतो. पहिली २० मिनिटं मी घराला कुलूप लावलं की नाही, हेच आठवत होते.

मग त्याने एक नॉब केसभर फिरवला आणि एक बारीक, उंच शिट्टी लागली. मी ताठ झाले. ही आईची शिट्टी होती.

आईचं कानाचं जुनं मशीन वाजायचं. कानात नीट बसलं नाही की आवाज बाहेर गळायचा, मशीनच्याच माइकमध्ये शिरायचा आणि गोल गोल फिरत राहायचा. तिने कूस बदलली की उशीत शिट्टी. मिठी मारली की माझ्या गालाशी शिट्टी. रोज सकाळी ती मशीन मुठीत मिटून माझ्यापुढे धरायची, कारण तिला स्वतःला ते ऐकू येत नसे. वाजलं तर सेल चालू. मी मान हलवायची, ती मशीन कानात घालायची. कित्येक वर्षं आमचा दिवस असाच सुरू झाला. मग दादाने नवं, महागाचं मशीन आणलं. त्यात शिट्टी दाबायची सोय होती. घरातून एक आवाज गेला, आणि तो गेल्याचं मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

दादाला हे सांगितलं तर म्हणतो, "मग अर्थ तुझ्या डोक्यात आहे, त्या संगीतात कुठाय? उद्या किटलीची शिट्टी ऐकून रडशील."

तेव्हा उत्तर सुचलं नाही, ते इथे देते. अमेरिकी संगीतकार ॲल्विन ल्यूसियर यांनी १९६९ साली एका खोलीत बसून आपलं बोलणं टेप केलं. ते त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप केलं, मग ते पुन्हा. त्या खोलीत घुमणारे सूर दर वेळी वाढत गेले आणि शब्द विरघळले. ल्यूसियर बोलताना अडखळायचे, आणि आपल्या बोलण्यातले खाचखळगे बुजवायला हे करतोय, असं त्यांनी त्या बोलण्यातच सांगून ठेवलंय. त्यांनी आपली जीभ त्यात आणलेली चालते, आणि मी आईची मूठ आणली की ते डोक्यातलं? दादा, बोल.

तुमचा प्रश्न राहिलाच. रेकॉर्डिंगवरून काही ठरवू नका. ३००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जेमतेम ११ सेंटीमीटर असते. तो सूर एकसारखा लागला की खोलीत त्याचे उंचवटे नि खळगे तयार होतात. डोकं दोन बोटं हलवलंत तरी तो एकदम मोठा होतो किंवा बुडतो. म्हणजे तुमच्या जागेवरचं संगीत शेजारच्यालाही ऐकू येत नसतं. तेव्हा मान हलवून बघा. आणि कलाकाराचं लांबलचक निवेदन आधी वाचू नका, ते बहुधा अनुदानासाठी लिहिलेलं असतं.

हो, यातलं पुष्कळ टाकाऊ असतं. त्यानंतर मी सहा कार्यक्रमांना गेले, पाचांत काही म्हणजे काही झालं नाही. एकात कान दोन दिवस वाजत होते, तेव्हा इयरप्लग जवळ ठेवा.

आणि दादाचंही एक खरं आहे. "तुला शिट्टी हवी होती की आईला ऐकू यायला हवं होतं?" असं त्याने विचारलं तेव्हा मी गप्प बसले. जुनं मशीन माझ्याच खणात असतं. परवा त्यात सेल घातला आणि मूठ मिटून आईपुढे धरली. नव्या मशीनमधून तिने ती शिट्टी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"एवढं कर्कश?" म्हणाली. "आणि कोणी बोलला नाहीत मला? बंद कर आधी ते."