सभासद कोण, ते आधी बघा

ताई, तुमच्या माणमधल्या गावात बायका चटणी-मसाल्याची सहकारी संस्था काढतायत आणि तुम्ही विचारलंय की सहकारानं गरिबी खरंच हटते, की संचालकांचंच भलं होतं. आमच्या कराड-वाळवा या ऊसपट्ट्यात दोन्ही बघायला मिळतं.

सहकार ज्याला सभासद करून घेतो त्याचं भलं होतं. बाकीच्यांचं होईलच असं नाही. साखर कारखान्यात दीड एकरवाला आणि वीस एकरवाला, दोघांनाही मत एकच. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे (त्यासाठीही रस्त्यावर उतरावं लागतं, ते सोडा). कायम कामगाराला पगारपत्रक, पीएफ, ग्रॅच्युइटी. पण त्याच कारखान्याचा ऊस तोडणारं बीडचं जोडपं कुणाच्याच हजेरीपटावर नसतं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी, आणि मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते कोयत्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई तापानं कोपीत, म्हणजे झोपडीत, पडली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, तो उचलीतच चढतो. २०१९ साली त्यांच्यासाठी महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचंही ठरलं. तरी कारखान्याच्या वार्षिक सभेत त्यांच्या बाजूनं हात वर करणारं कोणी नाही, कारण ते सभासदच नाहीत.

याच्या उलट म्हसवडची माणदेशी महिला बँक, तुमच्याच तालुक्यातली. १९९७ ची. संस्थापक चेतना गाला सिन्हांबरोबरच्या बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवतो. पुढे बँकच दारात यायला लागली, कारण शाखेत जायचं तर बाईचा रोज बुडतो. हे सभासदच रोजंदारीवरच्या असल्यावर सुचतं.

आता तुमचं. नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. गावात होतं काय, की ऐपतवाल्या दहा घरांतल्या बायका सभासद होतात आणि कांडपाला, पॅकिंगला वाडीवरच्या बायका मजुरीनं येतात. म्हणजे छोटा कारखानाच झाला. त्यांना पहिल्या दिवसापासून सभासद करा, शेअरचे पैसे हप्त्यानं जमवू द्या, आणि संचालक मंडळात त्यातल्या निदान दोघी तरी घ्या.

डिव्हिडंडवर फार भिस्त नको. कायद्यानं तो १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, आणि हजार रुपयांच्या शेअरवर दीडशे रुपयांत कुणाचं घर चालणार? घर चालेल ते मजुरीवर. म्हणून कांडपाचा दर सभेत ठरवा आणि दूध डेअरीसारखं दर दहा दिवसांनी बिल काढा. डेअरीत लिटर, फॅट, दर असं सगळं चिठ्ठीवर येतं, म्हणून तिथं भांडण झालं तरी ते आकड्यावर होतं. तुमच्याकडेही किती किलो, काय दर, किती रुपये, याची चिठ्ठी त्याच संध्याकाळी बाईच्या हातात पडू दे.