परदेशातील शेवभाजी

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीत आहे. तयार पाकिटातून केलेल्या शेवभाजीला घरची चव येत नाही, अशी त्याची तक्रार असते. त्याने काय करावे आणि आम्ही काय पाठवावे?
– एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : तयार मिश्रणात बहुधा मीठ असते आणि शेवेतही ते असतेच, त्यामुळे पाकीट थेट उकळत्या पाण्यात टाकले, की रस्सा खारट आणि कच्चट लागतो. चिरंजीवांनी आधी कांदा तेलात तांबूस परतावा, त्यावर भाजलेले सुके खोबरे आणि लसूण यांचे वाटण घालावे आणि मग पाकिटातले मिश्रण त्यात घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतून त्यात कडकडीत गरम पाणी ओतावे. वरून मीठ चव पाहूनच घालावे. शेव जाडच हवी, आणि तीही वाढतेवेळी घालावी. बारीक शेवेचा लगदा होतो.

भरिताच्या पाकिटाच्या वाटेला मात्र जाऊ नये. पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्याचा धूर पाकिटात भरता येत नाही. तिकडचे जांभळे वांगे ओव्हनच्या ग्रिलखाली साल करपेपर्यंत भाजावे; हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातली, की बऱ्यापैकी निभावते.

घरचा काळा मसाला आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ हवाबंद पिशवीत पाठवावे. दुधाची पावडर असलेली मिश्रणे टाळावीत, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास सहसा मनाई आहे.