पुण्याहून साखळीला, डिसेंबरात: गाडी कधी काढावी

तुमचा प्रश्न असा आहे की बायको आणि दोन मुलांसह पुण्याहून गोव्यातल्या साखळीला आईकडे जायचंय, आई 78 वर्षांची, एकटी असते, रजा मोजकीच. मग रात्री दहाला निघून पहाटे पोचावं का? आणि येताना आईला महिनाभर पुण्याला आणावं का?

रात्री निघू नका. थंडीतला प्रवास म्हटलं की सगळ्यांना घाटातलं धुकं आठवतं. मला त्याहून जास्त धास्ती ऊसगाड्यांची. गळीत हंगाम ऐन भरात असतो. कराडपासून निपाणीपर्यंत एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. तुमचा वेग नव्वद, त्याचा जेमतेम वीस. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला फारसं अंतर उरलेलं नसतं. दिवसा हीच ट्रॉली अर्धा किलोमीटर आधी दिसते.

पहाटे पाचला निघालात तर दुपारच्या जेवणाला बेळगाव. तिथून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून केरीमार्गे साखळी. तुम्हाला अनमोड किंवा आंबोली घाटाकडे वळायचं कारणच नाही, तुमचं गाव याच रस्त्यावर आहे. घाट उजेडात उतरला की मुलांना वरून अंजुणे धरण दिसतं आणि गवे आडवे आले तरी वेळेत दिसतात. गवा गोव्याचा राज्यप्राणी खरा, पण काळोखात तो काळोखासारखाच असतो. उतारावर दुसरा गियर ठेवा. सारखा ब्रेक दाबत उतरलात तर तो तापतो. न्यूट्रलचा मोह तर अजिबात नको.

सकाळच्या परतीला धुकं लागलंच तर लो बीम. हाय बीम लावलात की समोर पांढरी भिंत उभी राहते. चौघांच्या श्वासाने काच आतून धुरकटली तर एसी लावा, हवा बाहेरची घ्या आणि झोत काचेवर सोडा. केरीच्या बाजूला हवा दमट, तिथे थंडगार काच बाहेरून धुरकटते. तेव्हा फडक्याने आतून पुसून काही होत नाही, वायपर मारा आणि एसी कमी करा.

पहाटे न पोचण्याचं दुसरं कारण आई. तुम्ही कितीही सांगा, ती झोपणार नाही. फोन उशाशी घेऊन रात्रभर जागेल, दाराशी ये-जा करेल आणि तुमच्या मुक्कामाचा पहिला दिवस तिच्या थकव्यात जाईल. संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचलात तर चहा होतो, मुलं अंगणात खेळतात, ती वेळेवर जेवते. मुक्कामात तिला पणजी-कळंगुटच्या गर्दीत फिरवू नका. दत्तवाडीच्या देवळापर्यंतची फेरी तिला पुरते.

पुण्याला आणायचं तर मी फेब्रुवारीअखेर आणेन. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या आसपास जातो, साखळीत रात्रीही सहसा विशीच्या घरात असतो. त्या कोरड्या थंडीत गुडघे धरतात. आत्ताच आणणं भाग असेल तर तिला पुढच्या सीटवर बसवा, सीट मागे सरकवा, दर दीड-दोन तासांनी उतरवून चार पावलं चालवा. तासन्‌तास पाय लोंबते राहिले तर सूज येते, या वयात रक्ताची गुठळी होण्याचाही धोका असतो. वाटेत जावं लागू नये म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत, तेव्हा स्वच्छ थांबे आधीच हेरून तिला सांगून ठेवा. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे तिच्या डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. औषधं डिकीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

परतीला 1 जानेवारी टाळा. त्या दिवशी चोर्ल्यात आदल्या रात्री जागलेले ड्रायव्हर भेटतात. 2 तारखेला, ऊन वर आल्यावर निघा.