अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंचा एजंट व्हायला वकिलीची पदवी लागते का?

नाही, सक्तीची नाही. मेजर लीग बेसबॉल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये एजंटला मान्यता देते ती खेळाडूंची संघटना, एमएलबीपीए. अर्ज, फी, पार्श्वभूमीची तपासणी आणि लेखी परीक्षा हे सगळं होतंच. खरी अडचण वेगळीच आहे. पूर्ण मान्यतेसाठी एखाद्या संघाच्या ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूने तुम्हाला आपला एजंट म्हणून नेमावं लागतं. संघ फक्त ३०, म्हणजे असे खेळाडू जेमतेम १,२००, आणि बहुतेकांचे एजंट आधीच ठरलेले. म्हणून नवखे लोक एखाद्या जुन्या एजन्सीत शिरतात. नवे खेळाडू जोडणाऱ्या आणि त्यांची कामं सांभाळणाऱ्यांसाठी मर्यादित मान्यताही आहे. मला हाच रस्ता शहाणपणाचा वाटतो.

कायद्याचं शिक्षण मात्र फार उपयोगी पडतं. या क्षेत्रातला सगळ्यात मोठा एजंट स्कॉट बोरास आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला, मग वकील झाला. पगाराचा वाद सोडवणाऱ्या लवादासमोर खेळाडूची बाजू मांडायची तर आकडे आणि करार दोन्ही तोंडपाठ हवेत. आणि कमिशन कापून खेळाडूच्या हातात किमान पगारापेक्षा कमी रक्कम उरता कामा नये, हा नियम आधी लक्षात घ्या. नव्या खेळाडूकडून सुरुवातीला फारशी कमाई होत नाही ती त्यामुळेच.