घाट, खिंड आणि बारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मुलीच्या भूगोलाच्या वहीत ‘घाट म्हणजे खिंड’ असे लिहिले आहे. हे शब्द खरोखरच समानार्थी आहेत का? (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : नाहीत. खिंड हे भूरूप आहे. डोंगररांगेच्या दोन्ही उतारांवरचे ओढे खडकातील भेगा धरून माथ्याकडे झीज करत गेले, की मधली धार सखल होते आणि तेथे खिंड पडते. तिच्यातून कोणी जावो वा न जावो, ती खिंडच राहते. घाट मात्र वाटेवाचून संभवत नाही. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग सुमारे ३०० मीटर उंची चढतो आणि हा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्याने वर जाणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. १८६५ मध्ये रेल्वे इगतपुरीला पोचली ती हीच चढण चढून, आणि या सबंध चढणीला आपण कसारा घाट म्हणतो, तिच्या माथ्यावरील एखाद्या जागेला नव्हे. नाणेघाटात कोकणातून येणारी चढण संपता संपता कातळातली अरुंद खिंड लागते, आणि अशा ठिकाणांमुळेच दोन्ही शब्दांची गल्लत होत असावी. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट मात्र कोणतीही खिंड न ओलांडता वरच्या सपाटीवर संपतो, एवढे एक उदाहरण वहीतली व्याख्या खोडायला पुरे आहे.

प्रश्न : आमच्याकडे ‘बारी’ म्हणतात. ती घाट की खिंड? (वाचक, सटाणा)

उत्तर : खिंड. बागलाणातील सेलबारी आणि डोलबारी ही नावे आता डोंगररांगांनाही लागली आहेत, परंतु मूळ निर्देश रांग ओलांडण्याच्या जागेचा आहे. सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांची मोगल सैन्याशी १६७० मध्ये जी लढाई झाली, तिच्या संदर्भात कांचनबारीचे नाव येते. वाट अडवायची तर लांबच लांब चढणीपेक्षा तिचे तोंडच धरणे सोयीचे, म्हणून लढायांच्या वर्णनांत खिंडी आणि बाऱ्या वारंवार भेटतात. १६६० ची पावनखिंड हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण.

प्रश्न : मग रामकुंडाजवळच्या गोदाघाटाला घाट का म्हणायचे? तेथे डोंगर कुठे आहे? (वाचक, पंचवटी)

उत्तर : डोंगर नाही, पण पाण्यापर्यंत उतरण्याची बांधीव वाट आहे, आणि घाट या शब्दाला तेवढे चालते. खिंडीला ते चालणार नाही.