बिटकॉइन पाठवून २० तास झाले तरी ‘अनकन्फर्म्ड’ का? मित्रापेक्षा दुप्पट फी भरूनही माझंच का अडकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमळनेरला राहता, बाहेरच्या क्लायंटकडून कामाचे पैसे थोडे थोडे करून १४ वेळा बिटकॉइनमध्ये आले. ते सगळे काल रात्री एकदम एक्स्चेंजच्या पत्त्यावर पाठवले, फी ‘इकॉनॉमी’ निवडली, वॉलेटने १,९८६ सतोशी (बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक) कापले. धुळ्याच्या मित्राने त्याच रात्री जवळपास तेवढीच रक्कम पाठवली, त्याला ९८७ सतोशी लागले आणि त्याचं अर्ध्या तासात झालं. तुमचं अजून लटकलंय. पैसे बुडाले का?

बुडाले नाहीत. व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या नोंदवहीच्या एका पानावर, बसत नाही तोवर साखळीच्या (अशा सगळ्या ब्लॉकच्या) हिशेबात ते बिटकॉइन तुमच्याच पत्त्यांवर आहेत. आणि मित्राने तुमच्यापेक्षा कमी नाही, जास्त दराने फी भरली आहे. कशी ते बघा.

बिटकॉइनची फी रकमेवर ठरत नाही, व्यवहाराने ब्लॉकमध्ये किती जागा घेतली त्यावर ठरते. सावद्याहून दिल्लीला माल पाठवताना ट्रकवाला वजन विचारतो, केळी काय भावाने विकली जाणार ते विचारत नाही, तसंच. इथे वजन मोजायचं माप व्हीबाइट. बीसी१क्यू ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आलेली प्रत्येक रक्कम खर्च करताना व्यवहारात सुमारे ६८ व्हीबाइट घालते. जाणारा प्रत्येक पत्ता सुमारे ३१, आणि वरचा ठरलेला भाग दहा-अकरा.

तुमच्या १४ रकमा म्हणजे १४ गुणिले ६८, झाले ९५२. त्यात एक पत्ता आणि वरचा भाग धरला की साधारण ९९३ व्हीबाइट. मित्राची एकच रक्कम होती, ती फोडून एक भाग एक्स्चेंजला आणि सुटे परत स्वतःला, म्हणजे सुमारे १४१ व्हीबाइट. आता भागाकार करा. तुमचे १,९८६ भागिले ९९३, दर पडला २ सतोशी प्रति व्हीबाइट. त्याचे ९८७ भागिले १४१, दर पडला ७. मायनर (ब्लॉक बनवणारा) फीची एकूण रक्कम बघत नाही, हा दर बघतो, कारण त्याच्याकडे जागा मोजकी असते: एका ब्लॉकमध्ये जेमतेम १० लाख व्हीबाइट. (वॉलेट जुनं असेल आणि पत्ते ‘१’ ने सुरू होत असतील तर प्रत्येक रकमेला ६८ ऐवजी १४८ धरा. तोच व्यवहार २,१०० च्या वर जातो.)

थांबलेले व्यवहार जिथे पडून असतात त्याला मेमपूल म्हणतात. पहिला आला म्हणून पहिला नंबर, असं तिथे नाही. तुमच्यानंतर आलेला ५ वाला, १० वाला सरळ पुढे निघून जातो. मेमपूल डॉट स्पेस ही साइट उघडा, व्यवहाराचा ६४ अक्षरी टीएक्सआयडी टाका, रांगेत तुम्ही साधारण कितव्या ब्लॉकवर आहात ते दिसेल. समजा तुमच्या वर ३ कोटी व्हीबाइटचा माल आहे, तर ३० ब्लॉक, म्हणजे नवीन कोणी आलंच नाही तरी पाच तास. आणि नवीन येतच राहतात, म्हणून तो आकडा वाढत जातो.

दहा मिनिटांनी एक ब्लॉक हीसुद्धा सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे. दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक निघतात, आणि त्यांत सात-एक वेळा दोन ब्लॉकमधलं अंतर अर्ध्या तासापेक्षा मोठं असतं. तेवढ्यात घाबरायचं कारण नाही. ‘आमच्याकडे नेट स्लो आहे म्हणून अडकलं असेल’ असंही तुम्ही लिहिलंय. त्याचा संबंध नाही. टीएक्सआयडी साइटवर दिसतोय म्हणजे व्यवहार जगभरच्या नोडपर्यंत (नेटवर्क चालवणाऱ्या संगणकांपर्यंत) पोचला, आता तुमचा फोन बंद असला तरी फरक पडत नाही.

गर्दी कधी किती होईल याचा नेम नाही. २० एप्रिल २०२४ ला ८,४०,००० व्या ब्लॉकवर हाल्व्हिंग झालं, म्हणजे मायनरचं ठरलेलं बक्षीस निम्मं झालं, आणि त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन सुरू झाले. त्या एका ब्लॉकमध्ये मायनरला फीपोटीच ३७ हून जास्त बिटकॉइन मिळाले, ठरलेलं बक्षीस होतं ३.१२५. त्या दिवशी २ च्या दराने पाठवलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आता तुमच्यापुढचे रस्ते.

पहिला, काहीच न करणं. बहुतेक नोड व्यवहार १४ दिवस धरून ठेवतात, त्याआधी गर्दी ओसरली तर २ वालाही बसतो. मेमपूलची जागा (बहुतेक ठिकाणी ३०० एमबी) भरली तर कमी दराचे आधी बाहेर काढले जातात. बाहेर पडला की वॉलेटमध्ये रक्कम पुन्हा वापरता येते. मात्र याला ‘रद्द झाला’ समजू नका. तो सही केलेला व्यवहार कोणाकडे उरला असेल तर तो नेटवर्कवर परत टाकता येतो, आणि काही वॉलेट स्वतःच परत टाकतात.

दुसरा रस्ता आरबीएफ, म्हणजे त्याच रकमा वापरून जास्त फीचा नवा व्यवहार जुन्याच्या जागी ठेवणं. तुमच्यासाठी हाच. दर २ वरून ८ करायचा तर एकूण फी ९९३ गुणिले ८, म्हणजे ७,९४४ सतोशी, तुमच्या खिशातून वरचे ५,९५८. एक बिटकॉइन म्हणजे १० कोटी सतोशी, त्या दिवशीच्या भावाने रुपये काढा आणि घाई किती आहे त्यावर ठरवा. नवा दर जुन्यापेक्षा निदान १ ने जास्त ठेवा, नाहीतर अनेक नोड बदली व्यवहार घेत नाहीत. आणि १-१ ने तीनदा वाढवत बसण्यापेक्षा साइटवर दिसणारा आत्ताचा ‘मीडियम’ दर एकदाच टाका.

तुम्ही सगळी रक्कम पाठवली, सुटे काही ठेवले नाहीत, त्यामुळे वाढीव फी एक्स्चेंजला जाणाऱ्या रकमेतूनच वजा होईल. वॉलेट ‘पेमेंट तेवढंच ठेवू की कमी करू’ विचारेल, तिथे कमी करा निवडायचं. पहिला पर्याय घेतला तर ‘बॅलन्स अपुरा’ असा एरर येतो, आणि मग लोकांना वाटतं आरबीएफ चालतच नाही.

तिसरा रस्ता सीपीएफपी: अडकलेल्या व्यवहारातून जी रक्कम येणार आहे तीच पुढे मोठ्या फीने खर्च करायची, म्हणजे मायनरला दोन्ही एकत्र उचलावे लागतात. तुम्हाला हा बंद आहे. तुमच्या व्यवहारातून निघालेली एकमेव रक्कम एक्स्चेंजच्या पत्त्यावर आहे, त्याची किल्ली त्यांच्याकडे, आणि ते तुमच्यासाठी हे करत बसणार नाहीत. सुटे परत आले असते तर हिशेब असा असता: सुट्यांचा पत्ता धरून जुना १,०२४ आणि नवा ११० मिळून १,१३४ व्हीबाइट, दर ८ हवा म्हणून ९,०७२ सतोशी, त्यातले २ च्या दराने २,०४८ आधीच दिलेले, उरलेले ७,०२४ नव्या व्यवहाराने भरायचे.

तुमच्या मोबाइल वॉलेटमध्ये ‘बम्प फी’ किंवा ‘इन्क्रीज फी’ असं काही दिसत नसेल तर वॉलेट बनवताना मिळालेले तेच १२ शब्द (सीड) संगणकावर इलेक्ट्रम या वॉलेट प्रोग्रॅममध्ये टाकून काम होतं. नवं वॉलेट, ‘माझ्याकडे सीड आहे’, मग ऑप्शन्समध्ये बीआयपी३९ वर टिक, आणि पत्ते बीसी१क्यू चे असतील तर नेटिव्ह सेगविट निवडा. ही टिक करायची राहिली तर बरोबर शब्दही ‘चुकीचे’ दाखवतो. व्यवहार यादीत आला की राइट क्लिक करून फी वाढवा. इलेक्ट्रम फक्त मूळ साइटवरूनच घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये खोटा ‘अपडेट करा’ मेसेज दाखवून अनेकांची वॉलेट साफ केली गेली होती. संगणक घरचा हवा. सायबर कॅफेत किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटच्या दुकानात बसून हे करायचं काम नाही.

फी वाढवली की टीएक्सआयडी बदलतो, नवा कन्फर्म झाला की जुना कायमचा बाद होतो. एक्स्चेंजच्या सपोर्टला जुना दिला असेल तर नवा कळवा. आणि पहिलं कन्फर्मेशन आलं (व्यवहार ब्लॉकमध्ये बसला) म्हणजे खात्यात लगेच दिसेल असं नाही, प्रत्येक एक्स्चेंज किती कन्फर्मेशन मागतं ते डिपॉझिटच्या पानावर लिहिलेलं असतं.

घाईत दोन गोष्टी करू नका. ‘गेलं नाही वाटतं’ म्हणून नव्याने दुसरा व्यवहार पाठवणं ही एक. तो वेगळ्या रकमांतून गेला तर पुढे दोन्ही कन्फर्म होतात आणि पैसे दोनदा जातात. दुसरी, टेलिग्रामवर भेटणारे ‘ट्रान्झॅक्शन सोडवून देतो’ वाले. पैसे घेऊन व्यवहार लवकर बसवण्याची सेवा काही मायनिंग पूल (मायनरचे गट) देतात हे खरं, पण त्यांना फक्त टीएक्सआयडी लागतो. कुणी १२ शब्द मागितले की समजायचं काय समजायचं ते. देऊन बसला असाल तर आधी उरलेली रक्कम नव्या वॉलेटला हलवा आणि मग १९३० वर फोन करा.

एक्स्चेंजमधून बाहेर काढताना अडकलं तर मात्र हे सगळं लागू नाही. तिथे पहिला प्रश्न: टीएक्सआयडी मिळाला का? नसेल तर व्यवहार साखळीवर गेलेलाच नाही, त्यांच्या आतल्या तपासणीत आहे, आणि त्याला फी वाढवून उपयोग नाही. एक्स्चेंज जी ठोक ‘विथड्रॉवल फी’ लावतं ती त्यांची, नेटवर्कची नव्हे. १ जुलै २०२२ पासून कापला जाणारा १ टक्का टीडीएसही वेगळा, तो सरकारचा.

पुढच्या वेळेसाठी. मेमपूल रिकामा असेल तेव्हा, बहुधा शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेत रात्र असते त्या आपल्या सकाळी, सुट्या रकमा १ च्या दराने स्वतःच्याच नव्या पत्त्यावर एकत्र करून ठेवा. १४ रकमांना ९९३ सतोशीत काम होतं. नंतर घाईच्या दिवशी २० चा दर असला तरी तुमचा व्यवहार १४१ व्हीबाइटचाच असतो, २,८२० सतोशीत सुटता. एकत्र न करता त्याच दिवशी पाठवलं तर १९,८६०. तोटा एवढाच की ते सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे बघणाऱ्याला कळतं. क्लायंटला महिन्याचं एकदम पाठवायला सांगता आलं तर सगळ्यात बरं. २० च्या दराला एक रक्कम खर्च करायलाच १,३६० सतोशी लागतात, त्यामुळे हजार सतोशीची पेमेंट घेणं म्हणजे नुसतीच कटकट. एवढ्या लहान रकमा लाइटनिंगवर (बिटकॉइनवरचं छोट्या पेमेंटचं जाळं) घ्या.

इथेरियमवर गोष्ट वेगळी. तिथे दर १२ सेकंदांनी ब्लॉकची पाळी येते आणि प्रत्येक व्यवहाराला अनुक्रमांक, म्हणजे नॉन्स असतो. ४१ नंबरचा कमी फीमुळे अडकला की ४२, ४३ कितीही फी देऊन मागेच राहतात. उपाय म्हणजे ४१ हाच नॉन्स टाकून स्वतःलाच ० इथर पाठवायचे, फी निदान १० टक्क्यांनी जास्त. साध्या पाठवणीला २१,००० गॅस (तिथलं कामाचं माप, फी त्यावर ठरते) लागतो. तो आकडा कमी करून काही वाचत नाही, व्यवहारच जात नाही. टोकन किंवा कॉन्ट्रॅक्टच्या कामात गॅस कमी पडला तर व्यवहार फेल होतो आणि तोवरची फी जाते.

यूएसडीटी (डॉलरच्या भावाचं टोकन) पाठवणाऱ्यांचं बरंचसं ‘अडकलं’ हे फीच्या नाण्यामुळे असतं: इथेरियमवरच्या इआरसी२० ला वॉलेटमध्ये थोडे इथर हवेत, ट्रॉन साखळीवरच्या टीआरसी२० ला तिथलं नाणं टीआरएक्स. खात्यात हजार यूएसडीटी असले तरी टीआरएक्स शून्य असेल तर सहसा एक पैसा हलत नाही. आणि समोरच्याच्या पत्त्यावर आधी यूएसडीटी नसेल तर ट्रॉनवर एनर्जी (तिथलं गॅससारखं माप) जवळपास दुप्पट लागते, तेवढे टीआरएक्स जास्त ठेवा.